राहा की अजून दोन दिवस

२१ एप्रिल २००२, रविवार

अमेरिकेत येऊन आज तिसरा दिवस. सकाळी उठून कोंबड्या सोडल्या.

ही वही मुंबईला विमानतळावर घेतली होती. म्हटलं, अमेरिकेत रोज काहीतरी नवीन दिसेल, ते लिहून ठेवू. आज दिसलं ते असं: अकरा कोंबड्या, एक म्हातारी शेळी, फोडायला रचून ठेवलेली लाकडं आणि चार बदकं. बदकं सोडली तर बाकी सगळं आमच्या घरामागं आहे.

शैलेंद्रदादा कोलंबसच्या विमानतळावर घ्यायला आले होते. मूळचे पुण्याचे, इथं पंधरा वर्षं झाली. ओहायो राज्यात डब्लिन म्हणून गाव आहे, तिथं एका टेलिफोनच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतात. गाडीत त्यांनी मला सगळी आयडिया समजावली. इथल्या रिटायर लोकांना इंग्लंडच्या खेड्यात जाऊन आठवडाभर राहायची फार हौस. तिथं गावातली एखादी बाई त्यांना ठेवून घेते, चहा करते, रानातून फिरवून आणते, संध्याकाळी शेकोटीजवळ गाणी म्हणवते. पण मागच्या सप्टेंबरात ती विमानं बिल्डिंगवर आदळली तेव्हापासून लोक विमानात बसायला घाबरतात.

"मग मी म्हटलं, यार, हे लोक खेड्यात जाऊ शकत नाहीत, तर खेडं इकडे आणू," दादा म्हणाले. "ड्राइव्ह करून येतील."

"इंग्लंडचं खेडं?"

"हो."

"ओहायोत?"

"अरे, गवत हिरवं आहे, पाऊस पडतो. अजून काय लागतं?"

म्हणून त्यांनी डब्लिनपासून दीड तासावर शेत घेतलं, सहा लहान घरं बांधली, तळं खणलं. घरांना कॉटेज म्हणायचं. आणि खेड्यात काम करणारा माणूस इथं मिळत नाही म्हणून मला आणलं.

मी नववीत शाळा सोडली ती खेड्यातून सुटायला. सात वर्षांत नऊ नोकऱ्या केल्या. गॅरेज, टेम्पो, दूध डेअरी, रसवंती, काय काय. सगळ्यात जास्त टिकलो ते महाबळेश्वरला दादांच्या मेहुण्याच्या हॉटेलात, पाच महिने. तिथूनच दादांनी उचललं. निघताना माझे वडील, म्हणजे आण्णा, चारचौघांत म्हणाले, "याच्या पायाला भिंगरी हाय. अमेरिका असू दे न्हाईतर काय असू दे. कंटाळला की आलाच परत."

तेव्हाच ठरवलं की यायचं नाही. व्हिसा सीझनचा आहे, ३१ ऑक्टोबरपर्यंत. दादा म्हणालेत, सीझन चांगला गेला तर पुढच्या वर्षाचे कागद करतो. म्हणजे सीझन चांगला जायला पाहिजे.

२६ एप्रिल

इंग्लिश बाई सोमवारी आली. तिचं नाव मिसेस पेंडल्टन. साठीची, उंच, केसांचा अंबाडा. पाहुण्यांचं आदरातिथ्य तिच्याकडे, बाकी सगळं माझ्याकडे.

तिचं इंग्लिश दोन प्रकारचं आहे. सकाळी उठल्यावर एक बोलते आणि पाहुण्यांशी बोलायची तालीम सुरू झाली की दुसरं. सकाळचं मला थोडं समजतं, दुसरं काहीच नाही. दातांचं काहीतरी असावं. काल माझी कुऱ्हाड तिच्या पायाजवळ पडली तेव्हा ती सकाळचंच ओरडली. तिची बहीण क्लीव्हलंडला असते, तेही ओहायोतच. दोघी बहिणी इंग्लंडहून येऊन एकाच राज्यात पडल्या. नशीब असतं एकेकाचं.

मला चौकडीची टोपी आणि लोकरीचं जाकीट दिलंय. पाहुण्यांसाठी माझं नाव पर्सी.

मी दादांना म्हटलं, "नाव ठीक आहे. पण रंगाचं काय?"

"अरे, इंग्लंडमधे आता आपले इतके लोक आहेत की तू नसलास तर कोणाचा विश्वासच बसणार नाही."

विनीतावहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, गाडीतून पडदे काढत होत्या. त्या म्हणाल्या, "शैलू, तू स्वतः कधी गेलायस का इंग्लंडला?"

"लंडनच्या विमानतळावर, हीथ्रोला, आठ तास होतो."

११ मे, शनिवार

पहिले पाहुणे आज गेले. शनिवारी यायचं, पुढच्या शनिवारी जायचं असा नियम आहे. सहातली दोनच घरं भरली होती. चार माणसं, सगळी शेजारच्या इंडियाना राज्यातली. आठवडाभर त्यांनी माझ्या कोंबड्यांचे फोटो काढले.

पण आज जे बघितलं ते काही पटलं नाही. पाहुणे निघाले, बॅगा गाडीत ठेवल्या, आणि बाईनं हात मिळवला, थँक यू म्हणाली, आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत वळून कॉटेजमधे गेली आणि चादरी ओढायला लागली. आठ दिवस एकत्र जेवलेली माणसं! कोणी एका शब्दानं म्हणालं नाही की राहा.

आमच्याकडे पाहुणा निघाला की घरात आरडाओरडा होतो. आई म्हणते, आत्ता कुठं निघालात, राहा की अजून दोन दिवस. पाहुणा म्हणतो, नको, कामं पडलीत. आई म्हणते, कामं कुठं पळून जातात. पाहुणा पुन्हा नको म्हणतो. पोरं तोवर त्याची चप्पल लपवतात. तिसऱ्यांदा आग्रह, तिसऱ्यांदा नको, मग चप्पल सापडते आणि पाहुणा जातो. राहत कोणीच नाही. पण असं केल्याशिवाय गेलेला पाहुणा म्हणजे हाकललेला पाहुणा.

मी धावत फाटकावर गेलो. खिडकीवर टकटक केलं आणि माझ्या इंग्लिशमधे म्हणालो, "व्हाय गोइंग? स्टे. टू डेज मोअर. व्हॉट इज हरी?"

ती दोन्ही जोडपी एकमेकांकडे बघायला लागली. एका बाईनं खिडकीतून हात काढून माझा गाल धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, पर्सी, जावं लागतंय रे, नातवाचा वाढदिवस आहे. मी दोनदा अजून म्हटलं. ती दोनदा नाही म्हणाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण बरोब्बर जमलं.

१५ जून

इंडियानाच्या बाईनं पत्र पाठवलं. दादांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. चहाबद्दल एक ओळ, मिसेस पेंडल्टनबद्दल एक ओळ, आणि मी फाटकावर अडवलं त्याबद्दल पानभर.

दादा खूश. "प्रल्हाद, हे तू प्रत्येकाला करायचं. प्रत्येक शनिवारी." त्यांनी वेबसाइटवरही टाकलंय की हे गाव तुम्हाला जाऊ देत नाही.

मी म्हटलं, "दादा, हे इंग्लिश नाही, आपलं आहे."

"त्यांना काय माहीत?"

मिसेस पेंडल्टनही काही बोलली नाही. खरी इंग्लिश बाई असून तिला फरक कळला नाही याचं नवल वाटलं.

घरी फोन केला. आण्णांनी पहिलाच प्रश्न टाकला, "अजून कंटाळला न्हाईस?" टोमणा मारायची संधी सोडत नाहीत. मी म्हटलं, "नाही, मजेत आहे." ते म्हणाले, "बरं," आणि आईकडे फोन दिला.

९ जुलै

दादा आता सोमवार-मंगळवारीही इथंच असतात. कंपनीतून इतकी सुट्टी कशी मिळते विचारलं तर म्हणाले, "ब्रेक घेतलाय." शेतीची फार गोडी लागली आहे त्यांना. काल ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घालून तासभर शेळीजवळ बसले होते. वहिनी मात्र चिडलेल्या असतात. त्यांनी डब्लिनचं घर दाखवायला कोणालातरी आणलं होतं म्हणे. घर इतकं चांगलं असेल तर दाखवावंसं वाटणारच.

१० ऑगस्ट, शनिवार

दोन जोडपी आली आणि एक एकटा म्हातारा. नाव मिस्टर वॉल्टर, मिशिगनच्या ॲन आर्बर गावाहून. तिथं शाळेत गणित शिकवायचा. सत्तरीचा, हडकुळा. वहीत बुकिंग दोघांचं आहे, मिस्टर आणि मिसेस. मी गाडीच्या मागं बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं. मिसेस नाही.

भांडण झालं असणार. मी काही विचारलं नाही. चार नंबरच्या कॉटेजमधे दोन कप ठेवले, दोन बशा ठेवल्या. निघाली तर पोचेल मागून.

१३ ऑगस्ट

अजून आली नाही. रोज दुपारी चारला मी दोन कप चहा नेतो. म्हातारा एक पितो. दुसरा कप तसाच ठेवतो, परत ने म्हणत नाही.

आज धीर करून विचारलं, "मिसेस व्हेन कमिंग?"

"शी इज नॉट कमिंग, पर्सी."

मी त्याच्याजवळ बाकावर बसलो आणि समजावलं, की असं सगळ्या घरांत होतं. आमचे आण्णा आणि आई एकदा वीस दिवस बोलत नव्हते. आपण पुरुषानं आधी फोन करावा, त्यात कमीपणा नाही. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागला. बराच वेळ हसत होता. नंतर उठून तळ्याकडे गेला आणि जेवायला आला नाही. भांडण मोठं दिसतंय.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते कधी झालं नव्हतं.

दोन्ही जोडपी गेली. त्यांना नेहमीसारखं अडवलं, ती नेहमीसारखी नको म्हणाली. मग मिस्टर वॉल्टर बॅग घेऊन आला. मी फाटकात उभा राहून म्हणालो, "व्हाय गोइंग? स्टे. टू डेज मोअर. व्हॉट इज हरी?"

त्यानं विचार केला. खरोखर विचार केला, गणित करतो तसा. मग बॅग खाली ठेवली.

"नो हरी," तो म्हणाला. "ऑल राइट."

आणि बॅग उचलून परत चार नंबरमधे गेला.

मी तसाच फाटकाला धरून उभा. पहिल्याच आग्रहाला हो! आमच्या सात पिढ्यांत असा पाहुणा झाला नसेल. मिसेस पेंडल्टन चादरी ओढायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. मला सकाळच्या इंग्लिशमधे बरंच काही बोलली. सगळं समजलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवस झाले. जात नाही.

दादांनी आज मला बाजूला घेतलं. येत्या शनिवारी कोलंबसच्या एका ट्रॅव्हल कंपनीची बाई येणार आहे, कॅरल म्हणून, सोबत त्यांचे दहा पाहुणे. सहाच्या सहा घरं पहिल्यांदा भरणार. तिला आवडलं तर पुढचं अख्खं वर्ष ती कंपनी माणसं पाठवणार. नाही आवडलं तर दुकान बंद.

"चार नंबर शुक्रवारपर्यंत रिकामं पाहिजे. तू ठेवून घेतलंस, तूच सांग."

"दादा, राहा म्हणालो आणि आता जा कसं म्हणू?"

"तोंडानं. गो म्हणायचं. एवढं इंग्लिश येतं तुला."

"आपल्याकडे असं म्हणतात का?"

दादा थांबले. त्यांचीही आई पुण्यातलीच ना, कोणीतरी आलं की अडवणारी. पण मग म्हणाले, "प्रल्हाद, हे नाही जमलं तर पुढच्या वर्षाचे कागद विसर. मी मस्करी करत नाहीये."

हे स्पष्ट झालं. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला मी.

२१ ऑगस्ट

पाहुण्याला जा म्हणत नाहीत, पण त्याला समजेल असं वागता येतं. ते मी सुरू केलं.

सोमवारी रात्री वाटाण्याचं सूप दिलं, मंगळवारी तेच, आज तेच. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी तीच आमटी आली की पाहुणा पिशवी भरायला लागतो. म्हातारा म्हणाला, "माय फेव्हरिट."

मग विचारलं, घरी बाग असेल, पाणी कोण घालतंय? तो म्हणाला, शेजारीण घालते. तुमच्या गावाकडे पाऊस फार होईल म्हणतात, रस्ते खराब होतील. तो म्हणाला, मग थांबलेलंच बरं.

शेवटचा उपाय म्हणून त्याच्यासमोर खूप काम केलं. लाकडं फोडली, घाम पुसला, उसासे टाकले. घरातले असे राबत असताना पाहुण्याला बसवत नाही, तो उठतोच. हा उठला आणि त्यानं माझ्या हातातली कुऱ्हाड घेतली. तासाभरात सगळी लाकडं फोडून झाली. नंतर शेळीला घेऊन तळ्यावर गेला. शेळी माझ्यामागं कधी इतकी गुमान आली नव्हती.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज सांगायचंच म्हणून निघालो. वाटेत वहिनी भेटल्या. उद्यासाठी फुलं घेऊन आल्या होत्या.

"कुठे निघालास असा तोंड पाडून?"

म्हटलं, म्हाताऱ्याला घालवायला. पण त्याचं बायकोशी भांडण आहे, घरी जाऊन करणार काय.

वहिनींनी फुलं खाली ठेवली. "अरे, भांडण नाही. ती मार्चमधे गेली. चाळीस वर्षं दोघं ठरवत होती इंग्लंडच्या खेड्यात जायचं. ती सप्टेंबरनंतर विमानाला घाबरली म्हणून त्यांनी इथलं बुकिंग केलं, पहिलंच बुकिंग आपलं. आणि मग... कॅन्सल करायला फोन केला होता त्यानं. मीच घेतला होता तो. बोलता बोलता म्हणाला, राहू दे, येतो एकटाच."

मी रोज तिचा चहा नेत होतो. आणि त्याला फोन कर म्हणून सांगत होतो.

चार नंबरकडे गेलो. म्हातारा बाहेर बसून बुटाला पॉलिश करत होता. मी "गो" म्हणायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "पर्सी, मार्चपासून मला सगळे विचारतायत की घर कधी विकणार, मुलीकडे कधी जाणार. थांब म्हणणारा तू पहिला."

हे त्यानं इतक्या सावकाश सांगितलं की मला शब्दन् शब्द समजला. न समजता तर बरं झालं असतं.

म्हणून मग मी वेगळंच केलं. त्याची बॅग माझ्या खोलीत नेली, कोठाराच्या माडीवर. मी खाली गवतावर झोपेन. माझी टोपी त्याच्या डोक्यावर घातली, जाकीट अंगात. जरा आखूड झालं, पण चाललं. त्याला सांगितलं, उद्या माणसं येतील, तुम्ही पाहुणे नाही, कामाचे माणूस. तो म्हणाला, "यस, बॉस."

संध्याकाळी दादांना सांगितलं, चार नंबर रिकामं झालं. हे खोटं नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

कॅरल आली. कोट घातलेली, हातात फाइल. फाटकातून आत शिरली तर समोर म्हातारा, टोपी, जाकीट, मागं शेळी. तिनं गाडी तिथंच थांबवली आणि फोटो काढला.

दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्याकडे असं बघितलं की आजच विमानात बसवतात. पण कॅरलसमोर काय बोलणार.

"हा कोण?" तिनं विचारलं.

दादा म्हणाले, "हा... वॉल्टर. इथलाच."

२९ ऑगस्ट

दहाही पाहुणे म्हाताऱ्याच्या मागं मागं असतात. तो त्यांना अंडी गोळा करायला लावतो, ढग बघून पाऊस सांगतो (चुकतो), आणि किती अंडी, किती कोंबड्या असली गणितं घालतो. मी स्वयंपाकघरात असतो. टोपी नसल्यामुळे मला कोणी पर्सी म्हणत नाही, एकानं तर मी पाहुणाच आहे समजून विचारलं की तुम्ही कुठून आलात.

मिसेस पेंडल्टन आता दिवसभर सकाळचंच इंग्लिश बोलते. म्हाताऱ्यानं तिला एकदा काहीतरी विचारलं, क्लीव्हलंड असा शब्द ऐकू आला, आणि दोघं खूप हसली. दात बरे झाले असावेत.

३१ ऑगस्ट, शनिवार

पाहुणे निघाले. मी फाटकाकडे गेलो तर म्हातारा आधीच तिथं उभा. प्रत्येक गाडी अडवतोय. राहा म्हणतोय, तीनदा, मोजून. गणिताचा मास्तर, नियम एकदा बघितला की चुकत नाही. मी लांबूनच परत आलो.

कॅरलनं जाताना दादांचा हात दोन्ही हातांत धरला. दादांनी मग मला मिठी मारली. पहिल्यांदा. "प्रल्हाद, तू जीनियस आहेस, यार."

घरी फोन केला. सीझन चांगला गेला म्हणून सांगितलं. आण्णा म्हणाले, "मंजे तिथं करमतंय तुला." म्हटलं, "एकदम." ते म्हणाले, "बरं." हरल्यावर माणूस कमी बोलतो.

२१ सप्टेंबर

ट्रॅव्हल कंपनीचा कागद आला. पुढचं वर्ष पूर्ण. दादांनी पेढे आणले, कोलंबसच्या इंडियन दुकानातले.

म्हातारा ॲन आर्बरला जाऊन आला. घर विकायला काढलंय. पुस्तकांची सहा खोकी आणि एक चहाचा कप घेऊन आला. चार नंबर आता त्याचं. पगार नको म्हणतो, दोन वेळचं जेवण आणि शेळी पुरे.

मी अजून माझ्या कागदांचं विचारलं नाही. दादांच्या मागं गडबड फार. सांगतील.

६ ऑक्टोबर, रविवार

विचारलं.

दादा शेळीजवळच्या बाकावर बसले होते. म्हणाले, "कॅरलच्या कागदात लिहिलंय की वॉल्टर पाहिजे. तो नसेल तर कॉन्ट्रॅक्ट नाही. आणि तुझे कागद करायचे तर सरकारला सांगावं लागतं, की या कामाला इथे माणूस मिळत नाही. आता मिळालाय ना. इथलाच. कसं लिहू?"

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. मीच आणून बसवला.

"कंपनीचं माझं काम गेलंय, प्रल्हाद. जूनमधेच. हे चाललं नाही तर आम्हीही नाही राहात इथे." मग म्हणाले, "तू त्याला सांगितलंस ना, की तुझं असं होतंय, तर तो जाईल. चांगला माणूस आहे. मी अडवणार नाही तुला. तुझा हक्क आहे."

म्हणजे पुन्हा तेच. मी जाऊन सांगायचं.

१२ ऑक्टोबर

सहा दिवस विचार केला. सहा महिने मी एका जागी राहिलो हेही आत्ताच लक्षात आलं. मोजलं तर पाच महिने तेवीस दिवस, पण महाबळेश्वरपेक्षा जास्त. कंटाळा कधी आलाच नाही, कसा राहून गेला कळत नाही.

आज म्हाताऱ्याकडे गेलो. झाडांची पानं लाल झालीयत, सगळी अंगणभर. तो झाडत होता आणि परत पडत होती. मला बघून म्हणाला, "तू एप्रिलमधे येशील तोवर मी कोंबड्यांचं नीट बघेन. पण एक सांग, ती तांबडी कोंबडी अंडी कुठं घालते? मला सापडत नाहीत."

मी त्याला कोठारामागची जागा दाखवली. शेळीचं दूध डाव्या बाजूनं काढायचं, उजवीकडून लाथ मारते, हे दाखवलं. थंडीत पाण्याचा नळ गोठू नये म्हणून गोणपाट कसं बांधायचं ते दाखवलं. बर्फ मी कधी बघितला नाही, पण मिसेस पेंडल्टननं सांगितलं होतं.

तो म्हणाला, "एप्रिल, मग?"

मी म्हटलं, "यस. एप्रिल."

दादांना सांगितलं, मी बोललो नाही त्याच्याशी, आणि तुम्हीही बोलू नका. वहिनी आत निघून गेल्या. दादा म्हणाले, "का रे?" मी म्हटलं, आपल्याकडे असं म्हणतात का.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

विमान मंगळवारचं. बॅग भरली. वहिनींनी आईला साडी आणि आण्णांना स्वेटर दिलाय. आमच्याकडे स्वेटर लागत नाही, पण घेतला.

सकाळी घरी फोन केला, तिकडे संध्याकाळ. बराच वेळ ठरवत होतो काय सांगायचं. काढून टाकलं म्हणावं तर गावभर होणार. माझ्या जागी पाहुण्याला ठेवलं म्हणावं तर कोणाला पटणार नाही. आणि दादांना नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. शेवटी जे त्यांना पटेल तेच सांगितलं.

"आण्णा, येतोय मी परत."

"का? काय झालं?"

"काही नाही. कंटाळा आला."

आण्णा एवढ्या मोठ्यानं ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं, ऐकलंस का! येतोय त्यो! कंटाळला! मी म्हनलं नव्हतं?" मागून आई काहीतरी विचारत होती, ते तिला बोलूच देईनात. आता हसतील, टोचून बोलतील असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, कुठल्या तारखेला. मग कुठल्या विमानतळावर. मग किती वाजता. मग परत तारीख विचारली आणि कोणालातरी कॅलेंडर आणायला पाठवलं.

पैज जिंकल्याचा एवढा आनंद माणसाला व्हावा! मुंबईपर्यंत घ्यायला येतो म्हणाले. रात्रभर एसटीत बसून, गुडघे दुखत असताना. जिंकलेल्या माणसाला एवढं यायची गरज काय, ते काही मला समजलं नाही.